रात्रीपुरती खोली, पंधरवड्याचा मुक्काम: पोलीस कोठडीचे परीक्षण

निवासव्यवस्थेचे परीक्षण लिहिणारा माणूस तिथे बहुधा आपल्या मर्जीने गेलेला असतो, पैसे मोजून राहिलेला असतो आणि पुन्हा जायचे की नाही हे ठरवायला मोकळा असतो. पोलीस कोठडीला यांपैकी एकही गोष्ट लागू होत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिचे परीक्षण कोणी लिहीत नाही. तरीही ती सेवाच आहे. ज्या क्षणी माणसाला ताब्यात घेतले जाते, त्या क्षणापासून त्याचे पाणी, जेवण, झोप, औषध आणि शौचालय यांची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्यावर येते, कारण यांतले काहीही तो आता स्वतःचे स्वतः मिळवू शकत नाही. कायदेशीर मदतीच्या कामामुळे गेली अनेक वर्षे मी वेगवेगळ्या ठाण्यांत गजांच्या बाहेरच्या बाजूला बसत आले आहे. या परीक्षणात मी कोणत्याही एका ठाण्याला गुण देणार नाही. मला बोलायचे आहे ते या खोलीच्या एका विशिष्ट वापराबद्दल: ज्याला न्यायाधीशासमोर उभे करून झाले आहे, ज्याच्या कोठडीचा आदेश निघाला आहे, पण ज्याला कारागृहात न पाठवता ठाण्यातच ठेवून घेतले आहे, अशा कच्च्या कैद्याच्या मुक्कामाबद्दल.

माझे मत आधीच सांगून टाकते. अटकेनंतरचे पहिले काही तास काढायला ही खोली चालते, आणि निगा राखलेली असेल तर बरी चालते. त्यापुढच्या दिवसांसाठी ती बांधलेलीच नसते. तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी अस्वच्छतेच्या किंवा कुणाच्या दुष्टपणाच्या म्हणून मांडल्या जातात, परंतु मुळाशी जाऊन पाहिले तर त्या तासांचे सामान दिवसांसाठी वापरल्याच्या तक्रारी असतात. खाटेऐवजी बाकडे असते, कारण बसायचेच होते. अंगण नसते, कारण फिरायची वेळच येणार नव्हती. कपडे धुवायची सोय नसते, कारण माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी उद्या जाणार होता.

हा उद्या किती लांबावा, याबद्दल आंतरराष्ट्रीय पातळीवर फारसा संभ्रम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराचे नववे कलम अटक झालेल्याला विनाविलंब न्यायाधीशासमोर आणा असे सांगते. त्यावर मानवी हक्क समितीने २०१४ मध्ये केलेल्या भाष्यात त्यासाठी साधारणतः ४८ तास पुरेसे मानले आहेत, आणि अल्पवयीन मुलांसाठी ही मुदत २४ तासांवर आणली आहे. त्याच भाष्यात पुढे एक वाक्य आहे, ज्याच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही: न्यायाधीशाने कोठडीचा निर्णय दिल्यानंतर त्या व्यक्तीला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देऊ नये, वेगळ्या यंत्रणेच्या ताब्यातील वेगळ्या जागी पाठवावे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तर १९८८ मध्येच, ब्रोगन खटल्यात, न्यायाधीशासमोर न नेता चार दिवस आणि सहा तास पोलिसांकडे ठेवणे हेही फार झाले असे ठरवले होते.

प्रत्यक्षात काय होते? काही देशांत कायदाच पोलिसांकडे परत पाठवण्याची मुभा देतो. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार एकूण पंधरा दिवसांपर्यंतची पोलीस कोठडी देता येते, आणि ते दिवस सलग असण्याचे बंधन आता नाही. इतरत्र कायद्याला हे अभिप्रेत नसते, परंतु कारागृहे भरली की ओघ उलट्या दिशेने वाहू लागतो. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने कारागृहांत जागा उरली नाही म्हणून पोलिसांच्या ४०० कोठड्या मागितल्या. ‘ऑपरेशन सेफगार्ड’ या नावाची ही तजवीज तिथे नवी नव्हती, २००६ मध्येही ती वापरली गेली होती. म्हणजे आणीबाणीचा उपाय म्हणून सुरू झालेली गोष्ट फडताळात ठेवलेल्या छत्रीसारखी दर काही वर्षांनी बाहेर निघते. कारण शिक्षा झालेल्यांची गर्दी असो की तपासाची गरज, खोली तीच राहते आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र वाढते.

आता खोलीकडे वळू. युरोप परिषदेच्या छळ-प्रतिबंधक समितीने १९९२ च्या अहवालात एक माप ढोबळपणे दिले आहे: एका माणसाला काही तासांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर कोठडी साधारण ७ चौरस मीटरची असावी, समोरासमोरच्या भिंतींत किमान २ मीटर अंतर असावे आणि छत जमिनीपासून अडीच मीटरवर असावे. भिंतींचे अंतर वेगळे का सांगितले, हे मला पहिल्यांदा वाचताना कळले नव्हते. नंतर एका ठाण्यात बोळासारखी खोली पाहिली. तिचे क्षेत्रफळ कागदावर व्यवस्थित भरत होते, पण दोन्ही हात पसरले तर बोटे दोन्ही भिंतींना टेकत होती, आणि आत तिघे जण असल्याने एकाला शौचाला जायचे तर उरलेल्या दोघांना उठून उभे राहावे लागत होते. तेव्हापासून मी कोणत्याही कोठडीत आधी रुंदी पाहते.

माणसांची संख्या हा भाग आणखी फसवा आहे. कारागृहात सायंकाळी बंदी झाली की आकडा सकाळपर्यंत तोच राहतो. ठाण्याचे तसे नसते. तिथे रात्री नवी माणसे येतात, आणि सकाळी न्यायालयात जाणाऱ्यांची गाडी निघून गेल्यावर खोली मोकळी दिसते. पाहणीला जाणारे बहुधा अकरा-बारा वाजता पोहोचतात आणि ‘क्षमतेच्या आत’ असे लिहून परततात. पहाटे तीनचा आकडा हवा असेल तर नोंदवहीतील आत-बाहेरच्या वेळा ताडून तो काढावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण करून पाहावे. एकदा मी असा हिशेब घातला, तेव्हा चौघांसाठी असलेल्या खोलीत त्या आठवड्यातील एका रात्री अकरा जण होते.

हवेबद्दल कुणी तक्रार करीत नाही, कारण आत गेल्यावर दहा मिनिटांत नाक सरावते. पण गर्दी आणि हवा यांचे गणित जिवावर बेतू शकते. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे फेब्रुवारी १९८९ मध्ये पार्क साओ लुकास भागातील ठाण्यात सुमारे पन्नास कैद्यांना एका लहान, हवा नसलेल्या कोठडीत कोंडण्यात आले आणि त्यांतील १८ जण गुदमरून मरण पावले. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने पुढे या प्रकरणात ब्राझीलला जबाबदार धरले. इतके टोक रोज गाठले जात नाही हे खरे. तरी छताजवळची जाळी धुळीने बुजलेली आहे की तिच्यातून खरोखर झुळूक येते, हे मी कागदाचा कपटा धरून पाहते. अंमलदारांना माझे हे वागणे थोडे विक्षिप्त वाटते.

प्रकाशाची अडचण दुहेरी आहे: दिवसा कमी, रात्री जास्त. कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतील चौदावा नियम खिडकी इतकी मोठी हवी असे सांगतो की नैसर्गिक उजेडात वाचता यावे. ठाण्यातील कोठडी मात्र अनेकदा इमारतीच्या पोटात किंवा तळघरात असते, आणि तिथे दिवस मावळला की नाही हे बाहेरच्या पाळीबदलावरून ओळखावे लागते. उलट रात्री दिवा मालवत नाहीत, कारण आतला माणूस दिसत राहिला पाहिजे. त्यामागचे कारण खोटे नाही. कोठडीतील आत्महत्या बऱ्याचदा गळफासाने होतात, आणि अंधारात त्या टळत नाहीत. पण एक रात्र डोळ्यांवर बाही ओढून काढणे वेगळे आणि बारा रात्री काढणे वेगळे. मंद होणारा दिवा आणि अंधारात पाहू शकणारा कॅमेरा या दोन्ही वस्तू आज सहज मिळतात, त्यामुळे हा प्रश्न सुटत नाही तो केवळ कुणाला त्याचे महत्त्व वाटत नाही म्हणून.

झोपेला आणखी एक शत्रू आहे, आणि तो चांगल्या हेतूने येतो. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस कायद्याखालील आचारसंहितेत चोवीस तासांत सलग आठ तासांची विश्रांती द्या असे सांगितले आहे. त्याच संहितेत कोठडीत दर तासाला डोकावून पाहा, आणि नशेत असलेल्याला दर अर्ध्या तासाला हलवून जागे करा, असेही आहे. दोन्ही सूचना योग्यच आहेत, आणि एका रात्रीसाठी त्यांचा मेळ बसतो. पण एकाच खोलीत पाच जण असतील आणि त्यांतील एक जण प्यालेला असेल, तर उरलेले चौघे दर अर्ध्या तासाला दाराचा खडखडाट ऐकत राहतात. आठवडाभर असे झोपलेला माणूस मग न्यायालयात उभा राहतो, आणि न्यायाधीश त्याला विचारतात की तुझी काही तक्रार आहे का. तो नाही म्हणतो. त्या ‘नाही’चे वजन किती धरायचे, हे मी अनेकदा स्वतःलाच विचारले आहे.

शौचालयाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या अनुभवात आतली माणसे सर्वांत आधी याच विषयावर बोलतात, आणि बोलतानाही नजर खाली घालतात. रचना दोन प्रकारच्या असतात. एकात ते कोठडीच्या आतच, कमरेइतक्या भिंतीआड असते. दुसऱ्यात ते बाहेर असते आणि जायचे तर पहारेकऱ्याला हाक मारावी लागते. पहिल्यात दुर्गंधी असते, सोबत्यांसमोर बसण्याची लाज असते, कॅमेऱ्याचा कोन चुकला असेल तर पडद्यावर दिसण्याची भीती असते. तरीही निवड करायची झाल्यास मी पहिल्याला पसंती देईन, कारण दुसऱ्यात प्रत्येक वेळी परवानगी लागते. काही जुन्या इमारतींत शौचालय आत असले तरी पाणी सोडण्याची कळ दाराबाहेर असते, म्हणजे दोन्ही प्रकारांतील वाईट तेवढे एकत्र केलेले.

परवानगी म्हणजे नेमके काय, हे मला एका माणसाच्या पाण्याच्या बाटलीने दाखवले. कोठडीतील त्याचा नववा दिवस होता. बोलता बोलता तो बाटलीतले पाणी झाकणात ओतून, झाकणाझाकणाने पीत होता. मला वाटले, पाणी मिळत नसावे. तसे नव्हते, बाटली भरलेली होती. रात्रपाळीच्या शिपायाला दोनदा उठवले की तो चिडतो, म्हणून दुपारनंतर आपण एवढेच पितो, असे त्याने शांतपणे सांगितले. त्या शिपायाने त्याला कधी मारले नव्हते, शिवीही दिली नव्हती. नुसता किल्ल्या उचलताना जोरात श्वास सोडायचा. शौचालय स्वच्छ, पाणी भरपूर, वागणूक ‘समाधानकारक’ असे त्या ठाण्याच्या अहवालात नमूद होते आणि त्यातील एकही शब्द खोटा नव्हता.

जेवणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छळ-प्रतिबंधक समितीने दिवसातून किमान एक पूर्ण जेवण हवे, आणि ते सँडविचपेक्षा भरीव हवे, असे म्हटले आहे. या सूचनेवरूनच तिच्या सदस्यांनी काय काय पाहिले असेल याचा अंदाज येतो. ठाण्यात सहसा स्वयंपाकघर नसते, त्यामुळे अन्न बाहेरून येते आणि त्याची वेळ आणणाऱ्याच्या सोयीची असते. मंडेला नियमांतील ११४ वा नियम कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने बाहेरचे अन्न मागवण्याची मुभा देतो. ती सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे ज्याच्या घरचे कुणी येत नाही त्याचा डबा हा आपोआप सगळ्यांत शेवटचा विषय होतो.

अंथरूण-पांघरुणाचा मात्र मी आवर्जून उल्लेख करते. रात्र काढणाऱ्याला स्वच्छ गादी आणि स्वच्छ पांघरूण द्यावे हा नियम जवळपास सर्वत्र कागदावर आहे. प्रश्न एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना ते धुतले जाते का, एवढाच आहे. मी विचारते की मागच्या वेळी ही पांघरुणे धुवायला कधी गेली, आणि बहुतेक वेळा उत्तर देणारा दुसऱ्याकडे पाहतो. खरजेचा संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल तर अंगावर खाज उठायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस कारागृहात किंवा घरी पोहोचलेला असतो, त्यामुळे खरूज कारागृहाच्या माथी मारली जाते आणि ठाण्यातील घडी तशीच पुढच्याच्या अंगावर जाते.

आरोग्याच्या बाबतीतही हाच वेळेचा घोळ अधिक गंभीरपणे दिसतो. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, ‘ठीक’ असा शेरा मिळतो आणि ती तपासणी त्या क्षणापुरती बरोबरही असते. पण दारूची दीर्घ सवय असलेल्याचे अंग शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथरू लागते, झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात आणि जिवावर बेतणारी भ्रमाची अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. म्हणजे तपासणीचा कागद सर्वांत चांगला दिसतो तेव्हा आजार अजून सुरूही झालेला नसतो. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र समोर दिसते ते एवढेच, की कालपर्यंत गप्प असलेला आरोपी आज भिंतीशी बोलतो आहे. त्याला ते नाटक वाटते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करण्याचे निर्देश दिले होते. त्या निर्देशाचे मोल मला या आजाराचे वेळापत्रक कळल्यावर अधिक जाणवले. मधुमेहाच्या रुग्णाचे तसेच आहे: इन्सुलिन झडतीत काढून घेतलेल्या सामानासोबत पिशवीत जाते, पिशवीला मोहोर लागते आणि जेवण कधी येईल याचा भरवसा नसल्याने मात्रा कधी घ्यायची हेही ठरत नाही.

मदतीसाठी हाक मारायची सोय, म्हणजे दाराजवळचे घंटेचे बटण, हे मी प्रत्येक भेटीत दाबून पाहते. अर्ध्याअधिक वेळा ते वाजत नाही, आणि वाजले तर कुणी तरी मी चुकून दाबले असे समजून ते बंद करायला येतो. सूचना देणारे यंत्र असणे आणि त्याला ओ देणे यांत किती अंतर असते, याचे भीषण उदाहरण जर्मनीतील देसाउ येथील आहे. तिथे जानेवारी २००५ मध्ये कोठडीत हातपाय बांधून ठेवलेल्या एका माणसाचा आगीत मृत्यू झाला. आग कशी लागली याविषयीचा वाद दीर्घकाळ चालला. पण धुराची सूचना देणारा गजर कर्तव्यावरील अधिकाऱ्याने बंद केला होता हे न्यायालयासमोर आले आणि २०१२ मध्ये तो निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरला.

आतापर्यंत ज्या सोयींबद्दल लिहिले, त्या सगळ्यांची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न या सेवेच्या गुणांकनात मी सर्वांत वर ठेवते. कारागृहाच्या पहारेकऱ्याला कैद्याने कबुलीजबाब द्यावा की न द्यावा याच्याशी घेणे नसते. ठाण्यात तसे नसते. ज्या टेबलावर तपास चालतो त्याच टेबलाच्या खणात कोठडीची किल्ली असते. म्हणून इथे पांघरूण, फोन, सिगारेट, आंघोळ, भावाची भेट यांतली प्रत्येक गोष्ट, कुणी मुद्दाम ठरवले नाही तरी, चौकशीतील नाणे बनते. ‘आज नीट बोललास तर उद्या घरच्यांना भेटवतो’ या वाक्यात धमकी नाही, मारहाण नाही, आणि ते उच्चारणाऱ्याला आपण दयाळूपणे वागत आहोत असे मनापासून वाटत असू शकते. इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्याने यावर काढलेला तोडगा मला आवडतो: ताब्यातील माणसाची जबाबदारी त्या गुन्ह्याच्या तपासाशी संबंध नसलेल्या, किमान सार्जंट दर्जाच्या वेगळ्या अधिकाऱ्यावर, आणि ठेवण्याची गरज अजून आहे का याचा आढावा आधी सहा तासांनी व मग दर नऊ तासांनी. हा अधिकारी त्याच इमारतीत बसतो, सहकाऱ्यांबरोबरच चहा पितो, हे सगळे खरे आहे. तरी तपास अधिकाऱ्याला किल्ली मागावी लागते आणि मागितल्याची वेळ लिहिली जाते, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

वकिलाच्या भेटीचा अनुभव माझा स्वतःचा असल्याने त्याबद्दल थोडे कटूपणे लिहिते. वेळ मिळते, जागा मिळत नाही. वेगळी खोली नसल्याने गजांतून बोलावे लागते आणि आतल्या इतर चौघांना, शिवाय पाच पावलांवर वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवणाऱ्या अंमलदाराला, प्रत्येक शब्द ऐकू जातो. एकदा माझ्या अशिलाने मला काही सांगायचे होते म्हणून माझ्या वहीत लिहून दाखवायला पेन मागितले. टोकदार वस्तू आत देता येत नाही, असे मला सांगण्यात आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबर होते, त्यामुळे मी वाद घातला नाही, आणि त्याला काय सांगायचे होते ते मला तीन दिवसांनी, सुनावणीच्या दारात, धावत धावत कळले.

स्त्रियांसाठी ही व्यवस्था अधिकच अपुरी ठरते, कारण त्यांची संख्या कमी असल्याने वेगळी कोठडी ‘सध्या सामान ठेवायला’ वापरली जाते आणि मग गरज पडली की ठाण्यातील एखाद्या खोलीत, बाकावर रात्र काढवली जाते. महिला कैद्यांविषयीचे २०१० चे बँकॉक नियम सॅनिटरी पॅड मोफत द्या असे सांगतात. एका ठाण्यात ते होते, कपाटात कुलूपबंद होते, आणि कपाटाची किल्ली ज्या महिला शिपायाकडे होती ती त्या दिवशी बंदोबस्ताला गेली होती.

कर्मचाऱ्यांबद्दल न लिहिणे अन्यायाचे होईल. त्यांना कारागृह चालवण्याचे प्रशिक्षण नसते, हे काम त्यांनी मागितलेले नसते, आणि त्याच पाळीत त्यांना दूरध्वनी, तक्रारदार आणि गस्तही सांभाळायची असते. मी पाहिलेल्या उत्तम कोठड्यांपैकी एक अतिशय जुन्या, गळक्या इमारतीत होती. तिथला वयस्क अंमलदार दर पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक दारासमोर उभा राहून तीन प्रश्न विचारायचा: औषध काय आहे, बाहेर कुणाला कळवायचे राहिले आहे, शेवटचे जेवण कधी झाले. उत्तरे तो पाटीवर खडूने लिहायचा. पाटी भिंतीवर असल्याने पुढच्या पाळीला नाकारता येत नसे. त्याच्या बदलीनंतर पाटी काही दिवस राहिली, मग तिच्यावर बंदोबस्ताची नावे येऊ लागली.

देखरेखीची साधने पुष्कळ आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात, कोठड्यांसह, आवाज टिपणारे आणि रात्री दिसणारे कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. छळविरोधी कराराचा २००२ चा पूरक करार स्वतंत्र पाहणी मंडळांना आगाऊ न कळवता कोठडीत जाण्याचा अधिकार देतो. लंडनमधील १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालातून ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांनी ठाण्यांना अचानक भेट देण्याची प्रथा सुरू झाली, ती आजही चालू आहे. यांत मला साध्या माणसांची भेट अधिक उपयोगी वाटते, कारण कॅमेऱ्याला वास येत नाही आणि तो पांघरुणाला हात लावून पाहत नाही. पण सर्वांत आधी मागावी ती नोंदवही. तिच्यात ‘जेवण दिले, तक्रार नाही’ ही ओळ सलग चौदा दिवस एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि नेमक्या एकाच वेळेची दिसली, तर पुढे विचारण्यासारखे काही फारसे उरत नाही. खरी नोंद वेडीवाकडी असते. तिच्यात वेळा विषम असतात, एखादे जेवण नाकारलेले असते, कुणी रात्री दोनला पाणी मागितलेले असते.

मुक्काम संपतो त्या सकाळी सामानाची पिशवी परत मिळते: पाकीट, कमरपट्टा, बुटांच्या नाड्या. यादीशी ताडून सही घेतली जाते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी इतके काटेकोर होते की त्याचे कौतुक करावेसे वाटते. एका अशिलाची यादी मी त्याच्यासोबत उभी राहून तपासली. चिल्लर नाण्यांपर्यंत सगळे बरोबर होते. त्याच्या अपस्माराच्या गोळ्यांची पट्टीही यादीत होती, ‘औषध, एक’ अशी, आणि पिशवीतही होती; दहापैकी दहा गोळ्या, अकरा दिवसांनंतर. अंमलदाराने सहीसाठी बोट ठेवून जागा दाखवली, त्याने सही केली आणि गाडी कारागृहाकडे निघाली.